शीनजेकच्या खोऱ्यातील दोन प्रवासी

(विद्यालयाच्या हीरक महोत्सवानिमित्त विद्यार्थी व पालक यांच्यासमोर दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



मध्य प्रदेशात वाढलेल्या मराठी मुलाला कान्हाचे अरण्य परके नसते. त्या अरण्यातील वाघ आणि बारशिंगा यांचा पद्धतशीर शास्त्रीय अभ्यास १९६३ ते १९६५ या काळात जॉर्ज शॅलर या तरुण संशोधकाने केला, आणि त्यावरचा त्यांचा ‘द डिअर अँड द टायगर’ हा ग्रंथ १९६७ मध्ये प्रसिद्ध झाला, हेही पुष्कळांना ठाऊक असते. मात्र शॅलर कान्हाला येण्यापूर्वी सात वर्षे, उत्तर ध्रुववृत्ताच्या पलीकडील एका खोऱ्यात, एका वृद्ध होत चाललेल्या दांपत्याबरोबर एक संपूर्ण उन्हाळा पायी हिंडले होते. रानात काय पाहावे आणि कसे पाहावे, याचे पाठ त्यांनी तेथे घेतले. ते दांपत्य म्हणजे ओलाऊस म्यूरी आणि मार्गारेट म्यूरी. मार्गारेटना सारे ‘मार्डी’ म्हणत. या दोघांच्या जवळजवळ चाळीस वर्षांच्या भटकंतीची हकीकत मराठीत फारशी कोणी सांगितलेली नाही. ती सांगण्याजोगी आहे, याचे कारण त्यांनी पाहिलेले प्राणी हे तर आहेच. पण त्याहून मोठे कारण असे की, या प्रवासातील अर्धा वाटा कोणाचा होता, हे सरकारी अहवालांवरून कधीच कळले नसते.

मार्डींचा जन्म १९०२ सालचा, सिअ‍ॅटलचा. वयाच्या नवव्या वर्षी त्या अलास्कातील फेअरबँक्स या गावी आल्या. सोन्याच्या शोधात आलेल्या लोकांनी वसवलेले, ओंडक्यांच्या घरांचे ते गाव. १९२४ साली तेथील नव्या महाविद्यालयातून पदवी मिळवणाऱ्या त्या पहिल्या महिला ठरल्या. ओलाऊस त्यांच्याहून तेरा वर्षांनी मोठे. नॉर्वेहून आलेल्या आईबापांचा हा मुलगा मिनेसोटात, नदीकाठी वाढला. हडसन उपसागर आणि लॅब्राडोर येथे संग्रहालयासाठी नमुने गोळा करण्यात उमेदीची वर्षे घालवून १९२० मध्ये ते अमेरिकी सरकारच्या जीवशास्त्रीय सर्वेक्षण खात्यात आले. काम ठरलेले होते : अलास्कातील कॅरिबूंचा अभ्यास. कॅरिबू म्हणजे रेनडिअरचेच रानटी भाऊबंद. यांच्यात नराप्रमाणे मादीलाही शिंगे असतात. हजारोंच्या कळपांनी ते दर वर्षी शेकडो मैलांची वाटचाल करतात. ते कोणत्या वाटेने जातात, कोठे थांबतात, कोठे वितात, याचा नकाशा तोपर्यंत कोणाही शास्त्रज्ञाजवळ नव्हता. तो करायचा म्हणजे त्यांच्यामागे चालत जाणे, एवढा एकच मार्ग होता.

१९ ऑगस्ट १९२४ रोजी, पहाटे तीनच्या सुमारास, युकॉन नदीकाठच्या अ‍ॅनविक या खेड्यातील ओंडक्यांच्या चर्चमध्ये या दोघांचा विवाह झाला. वेळ अशी विचित्र का, तर वर समुद्राकडून आणि वधू वरच्या अंगाने बोटीतून येत होती, आणि नदीतल्या बोटी मुहूर्त पाहून चालत नाहीत. आदल्याच दिवशी मार्डींना बावीस वर्षे पूर्ण झाली होती. लग्नानंतरचा प्रवास म्हणजे ओलाऊस यांची नोकरीच. कोयुकुक नदीने बोटीतून वर, मग नदी गोठेपर्यंत मुक्काम, आणि बर्फ धरल्यावर कुत्र्यांच्या घसरगाडीने ब्रुक्स पर्वतरांगेपर्यंत. असे पाचशे मैलांहून अधिक अंतर.

कुत्र्यांच्या गाडीविषयी आपली कल्पना चित्रांतून आलेली असते. चित्रातली बाई लोकरीची कानटोपी घालून गाडीत बसलेली असते. प्रत्यक्षात गाडीवर सामान असते, आणि माणसाने तिच्यामागे धावायचे असते. बसून राहिले तर पाय गोठतात. मार्डी धावल्या. मुक्कामाला पोचल्यावर बर्फ तुडवून जागा करायची, स्प्रूसच्या फांद्या अंथरायच्या, राहुटी उभारायची, पत्र्याची लहान शेगडी पेटवायची, ओले मोजे दोरीवर टांगायचे, कुत्र्यांचे अन्न शिजवायचे. तेवढ्यात ओलाऊस दिवसाचे टिपण लिहीत, नाहीतर रेखाटने करीत. ते उत्तम चित्रकार होते. गोठत्या थंडीत काढलेली त्यांची कॅरिबूंची, पक्ष्यांची, पावलांची चित्रे पुढे पुस्तकांतून आली. त्यांचा ‘अलास्का-युकॉन कॅरिबू’ हा शास्त्रीय ग्रंथ सरकारने १९३५ साली छापला. त्यात कळपांच्या वाटा आहेत, शिंगांची मापे आहेत, चाऱ्याच्या वनस्पती आहेत. मोजे वाळत घालणारी दोरी त्यात नाही, आणि शास्त्रीय ग्रंथात ती असण्याचे कारणही नाही. ती दोरी सापडते १९६२ साली मार्डींनी लिहिलेल्या ‘टू इन द फार नॉर्थ’ या पुस्तकात. चित्रे अर्थातच ओलाऊस यांची.

एक गोष्ट येथेच सांगितली पाहिजे. त्या काळचा निसर्ग-अभ्यासक बंदूक घेऊन हिंडत असे. संग्रहालयासाठी प्राणी मारणे, कातडी सोलणे, कवट्या उकळून साफ करणे हा अभ्यासाचा भागच होता, आणि उरलेले मांस पोटासाठी व कुत्र्यांसाठी उपयोगी पडे. ओलाऊस त्याला अपवाद नव्हते. प्राण्यांवर प्रेम करणाऱ्याने कधी प्राणी मारला नसेल, अशी आजच्या विद्यार्थ्याची समजूत असते; इतिहास तसा सरळ नाही.

यानंतरचा १९२६ सालचा प्रवास हा या दांपत्याच्या साऱ्या भटकंतीतील सर्वांत कठीण आणि, मार्डींच्या पुस्तकातील पाने वाचली तर, सर्वांत आनंदाचाही. आता सोबत एक तिसरा प्रवासी होता : दहा महिन्यांचा मुलगा मार्टिन. खात्याने ओलाऊस यांना ओल्ड क्रो नदीच्या उगमाकडील प्रदेशात जाऊन रानहंसांच्या पायांत ओळखीची वळी घालण्याचे काम दिले होते. उन्हाळ्याच्या मध्यावर या हंसांची पंखांची पिसे एकदम झडतात आणि काही आठवडे त्यांना उडता येत नाही. पक्षी पकडण्याची संधी तेवढीच. त्या दिवसांत तेथे पोचायचे तर नदीतूनच जायला हवे. ‘बाळाला घेऊन तेथे जाणार?’ असे त्या गावात कोणी विचारले नसेल, असे मानणे अवघड आहे. मार्डी गेल्या. जेस रस्ट हे मित्र सोबतीला होते.

फेअरबँक्सहून टॅनाना नदी, मग युकॉन, मग पॉर्क्युपाइन, आणि सरहद्द ओलांडून कॅनडातील ओल्ड क्रो. असा मोटारबोटीचा मार्ग. ओल्ड क्रो नदीत शिरल्यावर एंजिनचा मुख्य दांडाच मोडला. सुटा भाग मिळण्याचे ठिकाण कित्येक शे मैल मागे. परत फिरले असते तर प्रवाह त्यांना आपोआप खाली घेऊन गेला असता, आणि कोणी दोष दिला नसता. त्यांनी बोट वर न्यायची ठरवले. लांब वासा नदीच्या तळाला टेकवून रेटा द्यायचा, बोट दोन हात पुढे सरकली की वासा उचलून पुन्हा टेकवायचा. जेथे काठ मोकळा असेल तेथे दोर खांद्यावर घेऊन काठाने चालत बोट ओढायची. आपल्याकडे खाडीतले तांडेल हे काम जाणतात. म्यूरी आणि रस्ट यांनी अशी ती बोट प्रवाहाविरुद्ध सुमारे अडीचशे मैल नेली.

आणि डास. उत्तरेकडील दलदलीत उन्हाळा अल्प असल्यामुळे तेथील डासांना आपले सर्व जीवनकार्य काही आठवड्यांत उरकायचे असते, आणि ते ढगांसारखे येतात. कॅरिबूंसारखे दांडगे प्राणीसुद्धा त्यांना कंटाळून वाऱ्याच्या उघड्या जागी, उरल्यासुरल्या बर्फाच्या पट्ट्यांवर किंवा समुद्रकाठी जाऊन उभे राहतात. कळपांच्या हालचालींचे एक कारण हे चिमुकले कीटक आहेत. मार्टिनला जाळीच्या आडोशात ठेवावे लागे. रांगायला लागलेल्या मुलाला जाळीत ठेवणे म्हणजे काय, हे या सभागृहातील मातांना वेगळे सांगायला नको. स्वयंपाक जाळीत, जेवण जाळीत, बाळाचे कपडे धुणे मात्र नदीवर, म्हणजे जाळीबाहेर.

अशा स्थितीत त्यांनी हंस गाठले. पिसे झडलेले हंस उडत नसले तरी पळतात आणि बुडी मारतात. धावून, घेरून, पाण्यात शिरून एकेक पकडावा लागतो. एकाने पक्षी धरायचा, दुसऱ्याने वळे घालून क्रमांक नोंदवायचा. हे काम दोन जोड हातांचे आहे. एकट्या माणसाकडून ते झाले नसते. परतताना प्रवाह सोबतीला होता. पुस्तकात मार्डी बोटीच्या काठावरून दिसणारे पक्षी, ओल्या मातीतील खुणा, दूरवरचे प्राणी यांचे वर्णन करतात, आणि त्याच ओळीत बाळाच्या खाण्याची वेळ येते. या लेखनाचे बळ नेमके येथे आहे. त्यांच्या आधीच्या बहुतेक ध्रुवप्रदेश-वर्णनांत रान हे माणसाच्या मर्दुमकीची परीक्षा घेणारे मैदान होते. मार्डींच्या लेखनात ते राहण्याचे ठिकाण झाले. वाचकाला, विशेषतः कधीही तेथे न जाणाऱ्या वाचकाला, ते आपले वाटू लागले. पुढे कायदा करण्याची वेळ आली तेव्हा ही गोष्ट कॅरिबूंच्या मोजणीइतकीच उपयोगी पडली.

१९२७ मध्ये खात्याने ओलाऊस यांची बदली वायोमिंग राज्यातील जॅक्सन येथे केली. तेथे हजारोंनी जमणारे एल्क जातीचे सांबर हिवाळ्यात मोठ्या प्रमाणावर मरत होते. म्यूरींनी उन्हाळे डोंगरांत, घोड्यांच्या पाठीवर सामान लादून, तीन मुलांसह राहुटीत काढले. निदान निघाले ते साधे आणि चकित करणारे होते : हिवाळ्यात एल्कना घातल्या जाणाऱ्या वाळलेल्या चाऱ्यातील काही गवतांची टोकदार कुसळे तोंडात रुतत, त्या जखमांतून जंतू शिरत आणि तोंड सडत जाई. उपकार म्हणून घातलेला चाराच प्राण्यांना मारत होता. याच वर्षांत त्यांना कोयोट या कोल्ह्याच्या कुळातील प्राण्याचा अभ्यास सांगण्यात आला. सरकार तेव्हा कोयोटना विष घालून मारत होते. एल्कच्या घटीला कोयोट जबाबदार आहेत, असा निष्कर्ष वरिष्ठांना हवा होता, असे म्हटले तर ते अन्यायाचे होणार नाही. ओलाऊस यांनी विष्ठेचे ढिगारे तपासले. त्यात मुख्यतः उंदीर-घुशींची हाडे, टोळ आणि मेलेल्या जनावरांचे अवशेष निघाले. १९३५ च्या अहवालात त्यांनी तसे लिहिले. खात्याला ते रुचले नाही. १९४५ मध्ये त्यांनी नोकरी सोडली आणि रानांच्या रक्षणासाठी झटणाऱ्या ‘वाइल्डरनेस सोसायटी’चे संचालकपद अर्धवेळ पत्करले. अट एकच होती, राजधानीत राहणार नाही. त्याच वर्षी मूस या गावाजवळ ओंडक्यांची घरे असलेली जुनी जागा दोन म्यूरी कुटुंबांनी मिळून घेतली. ओलाऊस यांचे धाकटे बंधू अ‍ॅडॉल्फ हेही प्राणिशास्त्रज्ञ होते, आणि त्यांची पत्नी लुईझ ही मार्डींची सावत्र बहीण. मराठी घरांत दोन सख्ख्या जावा बहिणी असतात, तसाच प्रकार.

१९५४ साली ओलाऊस यांना क्षयाचा जबरदस्त विकार झाला. दीर्घ काळ रुग्णालयात राहावे लागले. त्यातून उठलेल्या माणसाने घरी उन्हात बसून पुस्तके लिहावीत, असे कोणीही म्हटले असते. १९५६ च्या उन्हाळ्यात सदुसष्ट वर्षांचे ओलाऊस आणि चोपन्नाव्या वर्षाच्या उंबरठ्यावरील मार्डी लहान विमानाने शीनजेक नदीच्या खोऱ्यात उतरले. अलास्काच्या ईशान्य कोपऱ्यात, ब्रुक्स पर्वताच्या दक्षिण उतारावर, ही नदी उगम पावते आणि पॉर्क्युपाइनला मिळते. सोबत तिघे तरुण होते : अलास्का विद्यापीठातील पक्षितज्ज्ञ ब्रिना केसल, छायाचित्रकार-जीवशास्त्रज्ञ रॉबर्ट क्रिअर आणि तेवीस वर्षांचे शॅलर.

या मोहिमेत कोणतेही शिखर सर करायचे नव्हते. तळ्याकाठी राहुट्या टाकायच्या, सकाळी पाठीवर सॅक घेऊन निघायचे, दिसेल ते टिपायचे, संध्याकाळी परत यायचे. उन्हाळ्यात तेथे सूर्य मावळत नसल्याने ‘संध्याकाळ’ हा शब्दही सोयीपुरताच. ज्या तळ्यांकाठी त्यांनी मुक्काम केला त्यांची ‘लोबो लेक’ व ‘लास्ट लेक’ ही नावे त्यांनीच दिलेली. लोबो म्हणजे स्पॅनिश भाषेत लांडगा. केसल आणि शॅलर यांनी त्या उन्हाळ्याच्या नोंदींवरून खोऱ्यातील पक्ष्यांवर निबंध प्रसिद्ध केला. आजारातून उठलेले ओलाऊस दूर जात नसत. ते जवळपासच्या टुंड्रावर, वाकून, एखाद्या अस्वलाने खणलेला खड्डा किंवा लांडग्याची वाळलेली विष्ठा पाहत बसत. दोन वर्षांपूर्वीच प्राण्यांच्या पाऊलखुणांवरील त्यांचे क्षेत्रपुस्तक प्रसिद्ध झाले होते, आणि ठसा दिसला की प्लॅस्टर कालवण्याची त्यांची सवय जात नव्हती. तरुणांनी मैलोगणती चालून आणलेली माहिती आणि वृद्धाने एका जागी बसून काढलेली माहिती यांत कोणती अधिक, हे सांगणे कठीण आहे. माहिती गोळा करून थांबू नये, मोजता न येणारे जे मोल त्या जागेला आहे तेही ध्यानात घ्यावे, हे ओलाऊस यांचे सांगणे शॅलर यांनी पुढे आयुष्यभर अनेकदा कृतज्ञतेने सांगितले आहे.

कॅरिबूंचा कळप जवळून जातो तेव्हा त्याचा आवाज प्रथम ऐकू येतो. चालताना त्यांच्या पायातील स्नायुबंध हाडावरून सरकून टिक्-टिक् असा नाद करतात. हजार पाय एकदम चालू लागले की तो गारांच्या माऱ्यासारखा वाटतो, त्यावर माद्यांचे घोगरे हुंकार आणि वासरांचे उत्तर. १९२४ मध्ये कळपांमागे धावणारी बावीस वर्षांची वधू आता राहुटीच्या दाराशी उभी राहून हा आवाज ऐकत होती. पॉर्क्युपाइनच्या नावानेच ओळखला जाणारा हा कळप हिवाळा दक्षिणेकडे काढतो आणि उन्हाळ्याच्या तोंडाला पर्वत ओलांडून उत्तरेच्या समुद्रकाठच्या मैदानात विण्यासाठी जातो. बत्तीस वर्षांत या वाटेत रस्ता आला नव्हता. येणार नाही याची हमी मात्र कोणीच दिलेली नव्हती.

त्या उन्हाळ्यात एक पाहुणे येऊन गेले : अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती विल्यम डग्लस, पत्नीसह. तेही जातिवंत पायी भटके होते. शीनजेकमध्ये त्यांनी जे पाहिले ते पुढे त्यांनी राजधानीत योग्य कानांवर घातले. म्यूरी दांपत्याने मोहिमेत घेतलेले चित्रपट व छायाचित्रे घेऊन अलास्कातील मंडळांपुढे, महिला संघटनांपुढे, शिकार करणाऱ्यांच्या सभांपुढे भाषणे केली. शिकाऱ्यांनाही सोबत घेतले, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे. ६ डिसेंबर १९६० रोजी गृहखात्याचे मंत्री फ्रेड सीटन यांच्या आदेशाने ‘आर्क्टिक नॅशनल वाइल्डलाइफ रेंज’ स्थापन झाले. क्षेत्र ८९ लाख एकर, म्हणजे सुमारे छत्तीस हजार चौरस किलोमीटर. गोव्याच्या जवळजवळ दहापट. तार मूसच्या घरी आली तेव्हा दोघेही रडले, असे मार्डींनी लिहिले आहे.

ओलाऊस यांचे निधन २१ ऑक्टोबर १९६३ रोजी झाले. मार्डी एकसष्ट वर्षांच्या होत्या. पुढल्या वर्षी ३ सप्टेंबरला, राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनी व्हाइट हाउसच्या गुलाबबागेत ‘वाइल्डरनेस अ‍ॅक्ट’वर स्वाक्षरी केली. ज्याने या कायद्याचे मसुदे पुन्हापुन्हा लिहिले त्या हॉवर्ड झाह्नाइझर यांचे चारच महिन्यांपूर्वी निधन झाले होते. समारंभाला दोन विधवा उपस्थित होत्या : अ‍ॅलिस झाह्नाइझर आणि मार्डी म्यूरी. सहचराच्या मृत्यूनंतर त्याच्या स्मृतीला वाहून घेणाऱ्या स्त्रिया सर्वत्र आढळतात, पण मार्डींचे पुढील आयुष्य तसे नव्हते. स्मरणात गुंतून न राहता त्या कामात शिरल्या. १९६६ मध्ये ‘वापिती वाइल्डरनेस’ हे दोघांचे पुस्तक निघाले. एक प्रकरण त्यांचे, एक यांचे, अशी त्याची रचना आहे. सत्तरीत त्या अलास्काच्या दूरवरच्या प्रदेशांची पाहणी करणाऱ्या सरकारी पथकाबरोबर हिंडल्या. १९७७ मध्ये अलास्कातील जमिनींविषयीच्या एका सार्वजनिक सुनावणीत साक्ष देताना त्यांनी, आपण एक भावनाप्रधान बाई म्हणून बोलत आहोत आणि भावनेत वावगे काय आहे ते सांगा, अशा अर्थाचा प्रश्न समोरच्या मंडळींना विचारला. २ डिसेंबर १९८० च्या कायद्याने अलास्कातील चार लाख चौरस किलोमीटरांहून अधिक जमीन संरक्षित झाली. महाराष्ट्राचे सारे क्षेत्रफळ तीन लाख सात हजारांच्या आसपास भरते, एवढे सांगितले म्हणजे पुरे. १९६० च्या आरक्षित प्रदेशाचा विस्तारही दुपटीहून अधिक झाला.

आता या कथेतील दुखरा धागा. ‘मनुष्यस्पर्श न झालेले रान’ हे शब्द या साऱ्या लढ्यात वारंवार आले, आणि ते शब्दशः खरे नव्हते. पॉर्क्युपाइन कळपाच्या वाटेवर ग्विचिन लोकांची वस्ती आहे; ओल्ड क्रो हे गावच त्यांचे. कॅरिबू हे त्यांचे अन्न, वस्त्र आणि सण. समुद्रकाठचे विण्याचे मैदान त्यांना इतके पवित्र वाटते की तेथे शिकारीलाही पाऊल टाकीत नाहीत. म्यूरींना हे लोक ठाऊक होते, मार्डींच्या पुस्तकात ते भेटतात. परंतु कायद्याच्या भाषेत त्यांचे अस्तित्व फिके पडले. कान्हाच्या शेजारी राहणाऱ्यांना हा प्रश्न ओळखीचा वाटेल, कारण बैगा आणि गोंड यांची गावे उठवूनच त्या अरण्याचा गाभा मोकळा झाला. त्यामुळे वन्यप्राण्यांना निश्चित लाभ झाला : १९७० मध्ये अवघे ६६ उरलेले कठीण भूमीवरील बारशिंगे आज शेकड्यांनी आहेत. ज्यांची गावे गेली त्यांचा हिशेब या आकड्यात बसत नाही. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत, आणि एक सांगताना दुसरी झाकणे योग्य नव्हे.

शॅलर कान्हाला आले तेव्हा एकटे नव्हते, ही गोष्टही सहसा सांगितली जात नाही. पत्नी के आणि दोन लहान मुले रानातल्या बंगलीत त्यांच्याबरोबर राहिली. त्याआधी आफ्रिकेच्या विरुंगा पर्वतात गोरिलांचा अभ्यास चालू असतानाही के लाकडी झोपडीत सोबत होत्या. हस्तलिखिते तपासणे, टंकलिखित करणे हे काम त्यांचेच. वाघांच्या चेहऱ्यावरील पट्ट्यांवरून एकेक वाघ ओळखण्याची शॅलर यांची पद्धत आज प्रत्येक मार्गदर्शक वापरतो; त्या पद्धतीमागे किती रात्री कंदिलाच्या उजेडात कोणी टिपणे उतरवून काढली, हे मात्र कोणाला आठवत नाही. मार्डींनी स्वतः पुस्तक लिहिले म्हणून त्यांचा अर्धा वाटा जगाला कळला. २००६ मध्ये, पन्नास वर्षांनी, त्र्याहत्तर वर्षांचे शॅलर तरुण विद्यार्थ्यांना घेऊन पुन्हा शीनजेकला गेले. रस्ता अजूनही आलेला नव्हता.

मात्र कॅरिबूंच्या विण्याच्या मैदानाचा वाद मिटलेला नाही. १९८० च्या कायद्याने सुमारे १५ लाख एकरांच्या त्या पट्ट्यातील तेलाचा निर्णय पुढे ढकलला. २०१७ मध्ये अमेरिकी संसदेने तेथे तेल-उत्खननाचे पट्टे देण्यास मुभा दिली, २०२१ च्या जानेवारीत पहिला लिलाव झाला, आणि तेव्हापासून प्रत्येक नव्या सरकारबरोबर धोरण उलटसुलट होत आले आहे. ग्विचिन लोक त्याविरुद्ध उभे आहेत. आज त्या मैदानाच्या बाजूने सर्वांत ठाम आवाज त्यांचाच आहे.

मार्डींना १९९८ मध्ये ‘प्रेसिडेन्शियल मेडल ऑफ फ्रीडम’ हा अमेरिकेचा सर्वोच्च नागरी सन्मान मिळाला. १९ ऑक्टोबर २००३ रोजी, एकशे एक वर्षांच्या आयुष्यानंतर, त्या मूसच्या घरीच वारल्या. अखेरच्या वर्षांपर्यंत तेथे तरुण कार्यकर्ते आणि विद्यार्थी येत, चहा-बिस्किटे घेऊन ओंडक्यांच्या ओसरीत बसत. ती घरे आज राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळ आहेत. ओलाऊस यांनी आयुष्यभर जमवलेले पाऊलखुणांचे प्लॅस्टरचे ठसे मात्र जवळच्याच जॅक्सन येथील एका निसर्गशाळेत ठेवले आहेत. लांडगा, अस्वल, कॅरिबू, रानहंस, अगदी उंदरापर्यंत सारे त्यात आहेत, आणि शाळेतील मुले त्यांवरून माग काढायला शिकतात.